खडकाळ किनाऱ्यावरचे जीव शोधायचे कसे आणि त्यांची नोंद ठेवायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ओहोटीच्या वेळी खडकाळ किनाऱ्यावर गेले की चार-दोन गोगलगायी, एखादा पळणारा खेकडा आणि भरपूर शेवाळ एवढेच दिसते. मग समुद्रफुले (सी-ॲनिमोनी), तारामासे, स्पंज, ऑक्टोपस हे सगळे असतात कुठे? ते सापडावेत कसे, आणि जे सापडेल त्याची पुढे उपयोगी पडेल अशी नोंद कशी ठेवावी?

बहुतेक जण जीव दिसला की आधी त्याचे नाव शोधायला लागतात. नाव नंतरही मिळते, फोटोवरून मिळते, जाणकाराला विचारून मिळते. तो जीव खडकावर किती उंचीला होता हे मात्र त्याच वेळी नोंदवले नाही तर पुन्हा कधीच कळत नाही. खडकाळ किनाऱ्यावर उंचीला फार महत्त्व आहे. हातभर वर किंवा हातभर खाली गेले की रहिवासी बदलतात. उंची समजली की कोणता जीव कुठे शोधायचा हेही आपोआप समजू लागते. म्हणून हे सगळे उत्तर उंचीभोवतीच फिरणार आहे.

सुरुवात वेळेपासून. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटे जातात, त्यामुळे रोजची ओहोटी आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. (काही किनाऱ्यांवर दिवसातून एकदाच भरती येते, म्हणून आपल्या किनाऱ्याचे कोष्टक आधी पाहावे.) अमावास्या आणि पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाणाची भरती येते. त्या दिवसांत पाणी जास्त वर चढते आणि ओहोटीला जास्त खालीही उतरते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी फारसे उतरत नाही. भांगाच्या दिवशी जाऊन ‘काहीच दिसले नाही’ म्हणणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्या दिवशी खालचा, सर्वांत समृद्ध पट्टा पाण्याबाहेर आलेलाच नसतो. भरतीच्या कोष्टकात ओहोटीची उंची मीटरमध्ये दिलेली असते. महिन्यातले सर्वांत कमी आकडे शोधा आणि तेच दिवस राखून ठेवा.

पाणी उतरण्याचा वेगही सारखा नसतो. सहा तासांच्या उताराचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग पाणी उतरते. भरती-ओहोटीतला फरक ३ मीटर असेल तर पहिल्या तासात २५ सेंटीमीटर, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी ७५ सेंटीमीटर. चढतानाही हाच हिशोब. उतार वीसास एक असेल, म्हणजे वीस मीटर चालल्यावर एक मीटर खाली, तर मधल्या एका तासात पाणी तब्बल १५ मीटर आत येते. तुमच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये खोलगट घळ असेल तर ती आधी भरते आणि तुम्ही अडकता. म्हणून ओहोटीच्या वेळेआधी दीड-दोन तास पोहोचा, उतरत्या पाण्यामागे खाली जात राहा आणि कोष्टकातली ओहोटीची वेळ झाली की परत फिरा. ही वेळ म्हणजे परतीची वेळ आहे. अनेक जण नेमके तेव्हा पोहोचतात आणि मग भरतीच्या पुढे पुढे पळत पाहणी करतात. समुद्राकडे पाठ करून वाकू नका, आणि एकटे जाऊ नका.

कोष्टकातला आकडा हा अंदाज असतो. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने घटला की समुद्राची पातळी साधारण १ सेंटीमीटरने वाढते. दाब नेहमीच्या १०१३ ऐवजी ९९८ असेल तर पाणी १५ सेंटीमीटर वरच राहील, आणि किनाऱ्याकडे जोराचा वारा असेल तर आणखी वर. लाटा मोठ्या असतील तर त्या दिवशी खालच्या पट्ट्याचा नाद सोडा.

आता खडक वरून खाली पाहू. सर्वांत वर, जिथे फक्त लाटांचे तुषार पोहोचतात, तिथे खडकावर काळपट थर दिसतो. तो नीलहरित जिवाणूंचा आणि दगडफुलांचा असतो. फटींमध्ये वाटाण्याएवढ्या किंवा त्याहून लहान गोगलगायी, पेरीविंकल, दाटीवाटीने बसलेल्या असतात. त्या शंखाचे तोंड झाकणाने बंद करून शंखाची कड वाळलेल्या चिकट द्रवाने खडकाला टेकवून ठेवतात आणि कित्येक दिवस पाण्याविना काढतात. त्याखाली बार्नॅकलचा, म्हणजे खडकाला कायमच्या चिकटलेल्या कवचधारी लहान जीवांचा, खरखरीत, पांढुरका पट्टा. त्याच्या खालच्या भागात आणि आणखी खाली मसल शिंपले किंवा कालवे, टोपीसारखे लिम्पेट, आठ पट्ट्यांचे कवच असलेले कायटन आणि शेवाळाचे गालिचे. सर्वांत खाली, फक्त उधाणाच्या ओहोटीला उघडा पडणारा पट्टा. तुम्हाला हवे असलेले स्पंज, तारामासे, काटेरी गोळ्यांसारखे सी-अर्चिन, मोठी समुद्रफुले, रंगीत न्यूडिब्रँक (शंख नसलेल्या समुद्री गोगलगायी) बहुतेक इथेच असतात. त्याखाली थंड समुद्रांत केल्पचे (मोठ्या तपकिरी शेवाळाचे) जंगल सुरू होते, तर उष्ण समुद्रांत अनेक ठिकाणी प्रवाळ. स्टीफन्सन दांपत्याने १९४९ मध्ये जगभरातल्या खडकाळ किनाऱ्यांची तुलना करून दाखवले की जाती बदलल्या तरी पट्ट्यांचा हा क्रम बहुतेक सगळीकडे सारखाच असतो. म्हणून अनोळखी किनाऱ्यावरही तुम्ही अगदीच परके नसता.

पट्ट्यांच्या कडा इतक्या ठळक का? ढोबळ नियम असा की जीवाची वरची सीमा ऊन आणि कोरडेपणा ठरवतो, तर खालची सीमा इतर जीव ठरवतात. जोसेफ कॉनेल यांनी स्कॉटलंडच्या कम्ब्रे बेटावर दोन जातींच्या बार्नॅकलवर प्रयोग करून तो १९६१ मध्ये प्रसिद्ध केला. वर राहणाऱ्या थॅमॅलसची पिल्ले खालीही येऊन बसत होती, पण खालचा वेगाने वाढणारा बार्नॅकल त्यांच्यावर चढायचा, त्यांना खालून उचकटायचा किंवा बाजूने चिरडायचा. त्या दांडग्या शेजाऱ्याला खरवडून काढले तर थॅमॅलस खालीही सुखाने वाढला. म्हणजे तो वर राहतो तो वरची जागा आवडते म्हणून नव्हे, खाली जागा मिळत नाही म्हणून. एखादा जीव दिसला की ‘याला इथून वर काय जाऊ देत नाही, आणि खाली काय जाऊ देत नाही?’ हे दोन प्रश्न विचारायची सवय लावा. निम्मे शिक्षण त्यातच होते.

शिकारी जीव नसला तर काय होते हे रॉबर्ट पेन यांनी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या मक्का खाडीवर दाखवले. १९६३ पासून त्यांनी खडकाच्या एका भागातून पिसास्टर हा तारामासा सतत काढून टाकला. तारामासा मसल खाऊन खडकावर जागा मोकळी करत होता. तो गेल्यावर मसल पसरत गेले आणि १९६६ च्या त्यांच्या शोधनिबंधात तिथल्या जाती १५ वरून ८ वर आल्याची नोंद आहे. पुढे १९६९ मध्ये त्यांनी अशा जीवासाठी ‘कीस्टोन’ प्रजाती हा शब्द वापरला. नोंदवहीच्या दृष्टीने याचा अर्थ असा की एका पाहणीत दोनच तारामासे दिसले तरी ते दोन आकडे हजार बार्नॅकलांइतकेच महत्त्वाचे आहेत. मोजणीच्या चौकटीत (ती कशी करायची ते पुढे येईल) आले नाहीत म्हणून ते सोडू नका, वेगळे लिहा.

पट्टे लाटांनुसार ताणले जातात. उघड्या किनाऱ्यावर तुषार उंच उडतात, त्यामुळे सगळेच पट्टे वर सरकतात आणि रुंद होतात. आडोशाच्या जागी ते अरुंद असतात. सावलीच्या बाजूला, उभ्या फटींमध्ये आणि ओघळ असलेल्या जागी खालचे जीव नेहमीपेक्षा वर सापडतात. नवशिक्याला सर्वाधिक यश मिळते ते इथेच: सपाट, उन्हात तापलेला खडक सोडून सावलीची फट, कपारीचे छत आणि लोंबणाऱ्या शेवाळाखालची ओली जागा पाहा. शेवाळ तळहाताने अलगद बाजूला करा, उपटू नका. ज्या खडकावर काहीच नाही असे वाटते त्याच्या छतावर स्पंज, समुद्रफुले आणि असिडियन (पाणी गाळून खाणारे पिशवीसारखे जीव) खच्चून भरलेले असतात.

बार्नॅकल जरा जवळून पाहण्यासारखा आहे, कारण लोक त्याला खडकाचाच भाग समजून त्यावर पाय देतात. तो कालवांचा नातेवाईक दिसतो, पण आहे खेकड्या-कोळंबीच्या कुळातला. जॉन व्हॉन थॉम्पसन यांनी १८३० मध्ये त्याच्या अळ्या वाढताना पाहून हे ओळखले. अळी शेवटच्या अवस्थेत काही खात नाही, तिला फक्त जागा निवडायची असते. पुढच्या शृंगिकांवर चालत ती खडक चाचपते, आपल्या जातीच्या प्रौढांच्या प्रथिनांचा माग काढते आणि पसंत पडले की डोके खाली करून स्वतःला कायमचे चिकटवून घेते. शेजारी जवळच हवा, कारण बहुतेक जातींत फलन शेजाऱ्याकडूनच होते आणि चिकटलेला जीव शोधत जाऊ शकत नाही. म्हणून ते गटाने असतात. दहापट भिंग घेऊन डबक्यातल्या पाण्याखालचा बार्नॅकल दोन मिनिटे निश्चल पाहा. माथ्यावरच्या झाकणाच्या पट्ट्या मधोमध उघडतात, आतून पिसासारख्या पायांचा झुपका बाहेर येतो, पाण्यातून ओढ घेतो आणि मिटतो. तुमची सावली पडली की झाकण बंद. जिवंत-मेलेला ओळखण्याची खूणही हीच: मध्यभागी झाकणाच्या पट्ट्या असतील तर जिवंत धरा, नुसती पोकळ वाटी असेल तर मेलेला. मोजणीत ही चूक फार होते, आणि एखाद्या कडक उन्हाळ्यानंतर तर अर्धा आकडा खोटा ठरू शकतो.

लिम्पेटची गोष्ट वेगळी. अनेक जातींत प्रत्येक लिम्पेटची खडकावर ठरलेली घरखूण असते. कवचाची कड तिथल्या उंचसखलपणाला बरोबर बसेल अशी वाढते. भरतीत तो शेवाळ खरवडायला बाहेर जातो आणि ओहोटीआधी त्याच खुणेवर येऊन बसतो. खरवडणाऱ्या जिभेवरच्या दातांत गोथाइट हे लोहखनिज असते. उपटलेला लिम्पेट दुसरीकडे ठेवला तर कड नीट बसत नाही, आतले पाणी सुकते आणि पक्षी त्याला सहज उचलतात. म्हणून फोटोसाठीही लिम्पेट उपटायचा नाही.

आता ओहोटीनंतर खडकात राहिलेली डबकी. ती शांत दिसतात, पण तिथले दिवस-रात्र फार टोकाचे असतात. दिवसा शेवाळ प्रकाशसंश्लेषण करते, पाणी प्राणवायूने भरून जाते, शेवाळावर बुडबुडे दिसतात आणि सामू (पीएच) ९ च्याही वर जाऊ शकतो. रात्री तेच शेवाळ आणि सगळे प्राणी मिळून प्राणवायू वापरतात. शेवाळाने भरलेल्या लहान डबक्यात पहाटेपर्यंत तो जवळपास संपतो. तेव्हा कोळंब्या काठाशी वर येतात, आणि काही जातींचे मासे तोंड किंवा अख्खे शरीर पाण्याबाहेर काढून हवेतून श्वास घेतात. दिवसा पाहून डबक्याबद्दल मत बनवू नये ते यासाठी. उन्हाने पाणी आटले की क्षारता समुद्राच्या ३५ च्या (हजार भागांत ३५ भाग क्षार) वर जाते. पाऊस पडला की गोडे पाणी हलके असल्यामुळे वर तरंगते आणि तळाशी खारे राहते. यामुळे एक नेहमीची चूक होते: पृष्ठभागावरचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर (क्षारता मोजण्याच्या उपकरणावर) ठेवून १२ क्षारता नोंदवली जाते आणि तळाला समुद्रफूल कसे जगते याचे आश्चर्य केले जाते. सुई नसलेल्या सिरिंजला बारीक नळी लावून वरचे आणि तळाचे पाणी वेगवेगळे घ्या. रिफ्रॅक्टोमीटर आधी डिस्टिल्ड पाण्याने शून्यावर आणा. तापमानही दोन्ही ठिकाणी मोजा, आणि डबक्याची खोली व खडकावरची उंची त्याच ओळीत लिहा. जितके डबके वर, तितका भरतीशी संपर्क कमी आणि तितकी ही उलथापालथ मोठी.

उष्णतेबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. एकाच किनाऱ्यावर उधाणाच्या खोल ओहोट्या नेहमी घड्याळाच्या साधारण त्याच वेळी येतात. त्या भरदुपारी येत असतील तर खालचे नाजूक जीव उन्हात उघडे पडतात, पहाटे किंवा रात्री येत असतील तर वाचतात. उन्हातल्या गडद रंगाच्या मसलचे शरीर हवेपेक्षा १० अंशांहून अधिक तापू शकते. जून २०२१ च्या अखेरीस उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उष्णतेची भीषण लाट आली, आणि तिथे त्या काळात खोल ओहोट्या दिवसा होत्या. मसल, बार्नॅकल आणि इतर मिळून अब्जाहून अधिक किनारी जीव मेले असावेत असा तिथल्या शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. ज्यांच्याकडे आधीच्या वर्षांच्या उंचीसकट नोंदी होत्या, त्यांनाच कोणता पट्टा किती खाली सरकला हे सांगता येते. साध्या नोंदवहीची किंमत अशा वेळी कळते.

मग उंची मोजायची कशी? महागडे उपकरण लागत नाही. १० मीटर लांबीची, ८ ते १० मिलिमीटर आतल्या व्यासाची पारदर्शक प्लॅस्टिक नळी आणि मिलिमीटर खुणा असलेल्या दोन पट्ट्या किंवा काठ्या घ्या. नळीत पाणी भरा आणि दोन्ही टोकांशी हातभर जागा रिकामी ठेवा. एक जण पाण्याच्या कडेशी, दुसरा वर. दोन्ही टोकांतले पाणी एकाच पातळीला येते. दोन्ही काठ्यांवरचे आकडे वजा केले की उंचीतला फरक मिळतो. टप्प्याटप्प्याने असे वर जात सगळे फरक बेरजेत घ्या. यात बिघडते ते बुडबुड्यांमुळे. नळीत एक मोठा बुडबुडा राहिला तरी पातळी चुकते, म्हणून मोजण्याआधी दोन्ही टोके शेजारी धरून पाणी समान आहे का ते पाहा. नेताना पाणी सांडू नये म्हणून टोकांवर धरलेले अंगठे मोजताना काढायचे विसरू नका. पाण्याची कड लाटांमुळे हलते, तेव्हा आडोशाची घळ निवडा आणि चार-पाच लाटांची वरची-खालची पातळी पाहून मधली धरा.

समजा कोष्टकानुसार आजच्या ओहोटीची पातळी ०.४ मीटर आहे आणि बार्नॅकलच्या पट्ट्याची खालची कड पाण्यापासून १.९ मीटर वर आहे. म्हणजे ती कड कोष्टकाच्या शून्यापासून २.३ मीटरवर. आता कोष्टकावरून पाणी २.३ मीटरच्या खाली दिवसातून किती तास असते ते काढा. हा ‘उघडे राहण्याचा काळ’ दुसऱ्या किनाऱ्यावरच्या, दुसऱ्या वर्षीच्या नोंदींशीही ताडून पाहता येतो. दाबाची दुरुस्ती करायची असेल तर त्या वेळचा हवेचा दाब लिहून ठेवा.

मोजणीची चौकट ५० बाय ५० सेंटीमीटरची करा. पीव्हीसी पाइपची केली तर पाइपला भोके पाडा, नाहीतर ती डबक्यात तरंगते. आत दर १० सेंटीमीटरवर दोरी ताणली की २५ घरे होतात आणि प्रत्येक घर म्हणजे ४ टक्के. शेवाळ, स्पंज, मसल यांसारख्या पसरणाऱ्या जीवांचे टक्के लिहा. लिम्पेट, गोगलगायी, तारामासे यांची संख्या मोजा. दाट बार्नॅकलसाठी १० बाय १० ची लहान चौकट बरी. शेवाळाचे थर एकावर एक असतात, म्हणून वरचे शेवाळ ८०, त्याखालचे ४० आणि खडकाला चिकटलेला थर ३० टक्के, असे मिळून १५० झाले तरी ते बरोबर आहे. १०० मध्ये बसवायचा प्रयत्न करू नका. तो केला की खालचा थरच नोंदीतून गायब होतो.

चौकट कुठे ठेवायची यात सर्वांत जास्त फसगत होते. हात आपोआप सुंदर, भरलेल्या जागेकडे जातो. एका उंचीला मोजपट्टी आडवी पसरा, घरूनच यादृच्छिक आकड्यांची यादी आणा आणि त्या आकड्यांवरच चौकट ठेवा, मग ती रिकाम्या खडकावर पडली तरी चालेल. ‘शून्य’ ही नोंदच आहे. प्रत्येक उंचीला किमान १० चौकटी घ्या. नवी जात दिसणे जवळपास थांबले की पुरेशा झाल्या असे समजा, नाहीतर वाढवा. पहिल्या दोन-तीन चौकटी दोघांनी एकमेकांना न दाखवता मोजाव्यात. टक्क्यांत १० पेक्षा जास्त फरक आला तर तिथेच बसून कशामुळे आला ते ठरवा. शंख हलतो का पाहा: त्यात गोगलगायीऐवजी संन्यासी खेकडा असेल तर तो वेगळ्या रकान्यात जातो. रिकामे शंख मोजणीत नको, आणि खिशातही नको, कारण संन्यासी खेकड्यांना वाढताना मोठे शंख लागतात.

तीच जागा पुन्हा पाहायची असेल तर चौकटीच्या कोपऱ्यांचे फोटो ओळखता येणाऱ्या भेगांसकट काढा. जीपीएसची अचूकता इथे अपुरी पडते. खडकात खुणेचे स्क्रू ठोकण्याआधी तिथली परवानगी घ्या. संरक्षित क्षेत्रात जीव हलवण्यासाठीही ती लागू शकते.

दगड उलटायचे तर दोन हातांनी सहज उचलेल एवढेच. दूरची कड उचलून स्वतःकडे झुकवा, म्हणजे खालचा ईल किंवा खेकडा तुमच्यापासून लांब पळतो. खाली बोट घालू नका. पाहून-फोटो काढून मिनिटभरात दगड जसा होता तसाच, त्याच बाजूने ठेवा. आधी खेकडे बाजूला करा, नाहीतर ते चिरडतात. दगडाची वरची बाजू शेवाळाची आणि खालची स्पंज, भंगुर तारे (तारामाशांचे सडपातळ हातांचे नातेवाईक), अंडी यांची असते. उलटा राहिला तर दोन्ही बाजू काही दिवसांत मरतात. दगड उलटे टाकून गेलेली माणसे किनाऱ्याचे जेवढे नुकसान करतात तेवढे बऱ्याचदा जीव गोळा करणारेही करत नाहीत.

जीवांना हात लावण्याआधी आपले हात समुद्राच्या पाण्याने भिजवा; सनस्क्रीन किंवा डास पळवण्याचे मलम लावलेला हात डबक्यात घालू नका. तारामासा खडकावरून ओढला तर त्याचे नळीसारखे पाय तुटतात. समुद्रफूल आकसून खडकावरचा ओला गोळा झालेले असते, त्यावर अनेकदा शंखाचे तुकडे चिकटलेले असतात. खडकावर पाय ठेवताना असे ‘वाळूचे गोळे’ टाळा. चालताना उघडा खडक किंवा वाळू निवडा.

काही जीवांना अजिबात हात लावायचा नाही. उष्ण समुद्रांतला शंकूच्या आकाराचा, नक्षीदार कोन शंख विषारी काटा मारतो. त्याची सोंड शंखाच्या कुठल्याही भागापर्यंत पोहोचते, त्यामुळे ‘मागून धरला तर चालतो’ हे चूक आहे. निळ्या वलयांचा छोटा ऑक्टोपस हिंद आणि प्रशांत महासागरांच्या भागात डबक्यांत असतो. त्याच्या चाव्यात टेट्रोडोटॉक्सिन हे विष असते, चावा बऱ्याचदा दुखतही नाही, आणि श्वास थांबला तर दवाखान्यात पोहोचेपर्यंत कृत्रिम श्वास चालू ठेवणे हाच उपाय. या दोन्हींवर प्रतिविष नाही. दगडमासा पायाखाली आला तर जखम सोसवेल इतक्या गरम, सुमारे ४५ अंशांच्या पाण्यात ३० ते ९० मिनिटे ठेवावी आणि लगेच डॉक्टरकडे जावे. पाणी आधी न दुखणाऱ्या हाताने तपासा, नाहीतर भाजते. किनाऱ्यावर मरून पडलेला, जेलीफिशसारखा दिसणारा निळा पोर्तुगीज मॅन-ओ-वॉरही डंख मारतो. जाड तळाचे, बंद बूट घाला.

फोटोंबद्दल एवढेच: उन्हात छत्रीची सावली धरा, पोलरायझर (चमक कमी करणारे फिल्टर) लावा, शेजारी सेंटीमीटरची पट्टी ठेवा. प्रत्येक जीवाचे तीन फोटो घ्या, एक वरून, एक बाजूने आणि एक आजूबाजूच्या जागेसकट. शंखाचे तोंड दिसले पाहिजे, कारण अनेक गोगलगायी तोंडावरूनच ओळखतात. पण चिकटलेला शंख त्यासाठी उपटू नका, आपणहून फिरणारा निवडा. फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना टिपणात उंची आणि जागेचा प्रकार लिहा.

नोंदवहीत प्रत्येक पानाच्या डोक्यावर तारीख, जागा, ओहोटीची वेळ आणि कोष्टकातली उंची, हवेचा दाब, लाटांची स्थिती, हवेचे तापमान आणि पाहणाऱ्यांची आद्याक्षरे. खाली ओळीगणिक उंची, जागा (उघडा खडक, फट, छत, डबके, दगडाखाली), उन्हात की सावलीत, मग जीव आणि संख्या किंवा टक्के. नाव माहीत नसेल तर ‘पांढरा चपटा स्पंज १’ असे कामचलाऊ नाव द्या आणि पुढच्या वेळीही तेच वापरा. पेन्सिल आणि जलरोधक कागद वापरा, शाई पहिल्याच लाटेत जाते. घरी आल्यावर त्याच दिवशी पानांचे फोटो काढून ठेवा आणि कामचलाऊ नावांची यादी फोटोंशी जुळवा. दोन दिवस गेले की कोणता स्पंज ‘१’ आणि कोणता ‘२’ हे सांगता येत नाही.

वर्षातून चार वेळा, त्याच उंचीला, उधाणाच्या ओहोटीला हे केले तरी पुरे. एखादी फेरी रात्रीच्या ओहोटीला करता आली तर जरूर करा, सोबतीला ती जागा दिवसा पाहिलेला माणूस आणि प्रत्येकाकडे दोन टॉर्च घेऊन. दिवसा कपारीत दडलेले खेकडे, न्यूडिब्रँक आणि ऑक्टोपसच्या अनेक जाती तेव्हा बाहेर पडतात, आणि ज्या पट्ट्यात दिवसा लिम्पेट घरखुणेवर घट्ट बसलेले दिसले होते तिथे ओलसर रात्री काही जाती पाण्याबाहेरही चरताना सापडतात.